अंडर प्रोटेस्ट

परवा नागोठण्याच्या घराचा माळा आवरताना आजोबांची तर्खडकर भाषांतर पाठमाला सापडली. पानं पिवळी, बांधणी सुटलेली. याच पुस्तकावर आजोबा इंग्रजी शिकले आणि आळीतल्या सगळ्यांची इंग्रजी पत्रं वाचून द्यायचे. पुस्तक हातात आलं आणि आमच्या घरात कुणी सहसा न काढणारा एक विषय आठवला.

1970 च्या सुमारास आमचं भाताचं शेत सरकारी कामासाठी संपादित झालं. मोबदला घ्यायला आजोबा गेले तेव्हा ओळखीच्या एकाने हळूच सुचवलं, "आप्पा, सहीसोबत अंडर प्रोटेस्ट लिहा." आजोबांनी सवयीने भाषांतर केलं. अंडर म्हणजे खाली, प्रोटेस्ट म्हणजे निषेध! "निषेध करायला मी काय मोर्चा घेऊन आलोय?" असं म्हणून त्यांनी नुसती सही केली आणि पैसे घेतले.

कायदा होता 1894 चा, इंग्रजांनी केलेला. मोबदला कमी वाटला तर 18 व्या कलमाखाली अर्ज करून प्रकरण कोर्टाकडे पाठवायला सांगता यायचं. पण मेख होती 31 व्या कलमात. पैसे घेताना ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हटलं नाही, तर तो हक्क गेला! म्हणजे त्या दोन शब्दांत मोर्चाबिर्चा काही नव्हता. ‘पैसे घेतोय, पण रक्कम मान्य नाही’ एवढंच.

शेजारच्या बांधावरच्यांनी ते लिहिलं. त्यांचं प्रकरण अलिबागच्या कोर्टात गेलं, मोबदला वाढून मिळाला. आमचा विषय तिथेच संपला.

पुढे 1984 साली कायद्यात 28-अ कलम आलं. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं, तर कोर्टात न गेलेल्यालाही तीन महिन्यांत अर्ज करून तसा मोबदला मागता येऊ लागला. आमच्यासारखे बरेच असणार! आम्हाला मात्र उशीर झाला होता. 2014 पासून तर तो जुना कायदाच गेला.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. दोन्ही शब्द त्यांना येत होते, जोडी येत नव्हती. आपण ‘डोळा लागला’ म्हणतो तेव्हा डोळ्याला काय लागलं, असं कुणी विचारतं का?

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, आजोबांच्या अक्षरात एकच ओळ आहे: ‘अंडर प्रोटेस्ट – हक्क राखून.’ कधी लिहिली कोण जाणे. आमच्याजवळ ते यावर कधीच बोलले नाहीत.

असो. पुस्तक पुन्हा बांधून घ्यायला दिलंय. ते पान मात्र तसंच ठेवायला सांगितलंय.