जुनी चूक जपणारे गणित : ब्रिटिश नॅशनल ग्रिडचा इतिहास

१/ ब्रिटनमधील प्रत्येक टेकडीला दोन पत्ते आहेत. जीपीएसने मिळणारे अक्षांश-रेखांश आणि ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या मोजणीचे अक्षांश-रेखांश यांत शंभरेक मीटरांचे अंतर पडते. हे अंतर सांधण्याचे काम आज सॉफ्टवेअर करते. आणि ते करताना जुन्या मोजणीतील चुकाही कसोशीने जपते. त्या का जपाव्या लागल्या, याचा हा इतिहास.

२/ अक्षांश-रेखांश ठरवण्यापूर्वी पृथ्वीचा आकार ठरवावा लागतो. ती ध्रुवांपाशी चपटी आहे हे मान्य होते. किती मोठी आणि किती चपटी, याची उत्तरे निरनिराळी होती. जॉर्ज एअरी यांनी १८३० साली मांडलेला गोल ब्रिटनने स्वीकारला. त्याच सालचा जॉर्ज एव्हरेस्ट यांचा गोल भारतीय नकाशांचा पाया ठरला. एअरींच्या गोलाची विषुववृत्तीय त्रिज्या जीपीएसच्या गोलापेक्षा सुमारे ५७४ मीटरांनी कमी आहे आणि ब्रिटिश मोजणीत त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही.

३/ ब्रिटनच्या त्रिकोणीय मोजणीचा आरंभ १७८४ सालचा. जनरल विल्यम रॉय यांनी लंडनजवळ हौन्स्लो हीथच्या माळावर आठ किलोमीटरांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजली. १७९१ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेची स्थापना झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे देशभर पसरले. मात्र काउंटींचे सविस्तर नकाशे वेगवेगळ्या मध्यरेषांवर बेतलेले होते. हद्दीवर ते एकमेकांशी जुळत नसत.

४/ १९३५ मध्ये नेमलेल्या डेव्हिडसन समितीने १९३८ च्या अहवालात उपाय सुचवला : साऱ्या देशासाठी मीटरांत मोजलेली एकच जाळी. तिचा खरा आरंभबिंदू ४९° उत्तर, २° पश्चिम येथे आहे. तिथून मोजल्यास पश्चिमेकडील आकडे ऋण येतात. म्हणून शून्य ४०० किलोमीटर पश्चिमेला आणि १०० किलोमीटर उत्तरेला सरकवले गेले.

५/ दरम्यान मार्टिन हॉटिन यांच्या नेतृत्वाखाली फेरमोजणी सुरू झाली होती. डोंगरमाथ्यांवर काँक्रीटचे खांब उभे राहिले आणि १९३६ ते १९६२ या काळात त्यांवर थिओडोलाइट ठेवून कोन मोजले गेले. तोवरचे असंख्य नकाशे एका फटक्यात रद्द करणे परवडणारे नव्हते. म्हणून नवे जाळे जुन्या मोजणीतील ११ स्थानांवर बसवले गेले. कोन नवे, पण मोजमापाचे प्रमाण जुनेच राहिले.

६/ त्या प्रमाणात किलोमीटरमागे सुमारे २ सेंटिमीटरांची चूक होती. देशाच्या उत्तर-दक्षिण टोकांपर्यंत ती २० मीटरांच्या घरात जाते. शिवाय गणित भागाभागांनी झाल्याने चूक सर्वत्र सारखी नाही.

७/ उपग्रहांनी हे सारे उघड केले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : जाळी दुरुस्त करावी का? पण शेतांच्या कडा, घरांच्या हद्दी, रस्ते आणि जलवाहिन्या याच जाळीच्या आकड्यांत नोंदल्या होत्या. जाळी हलली असती तर जमिनीवर काहीही न हलता त्या साऱ्या नोंदी चुकीच्या ठरल्या असत्या. जाळी आहे तशीच ठेवण्यात आली.

८/ आता जीपीएसलाच जुन्या चुकांची भाषा शिकवणे भाग होते. तीन सरकवण्या, तीन फिरवण्या आणि एक प्रमाण, अशा सात आकड्यांच्या सूत्राने रूपांतर होते. पण असमान चुकांमुळे काही मीटरांचा फरक उरतो. २००२ सालच्या ओएसटीएन०२ या प्रणालीने दुसरा मार्ग घेतला. ७०० × १,२५० किलोमीटरांच्या क्षेत्रात प्रत्येक किलोमीटरला पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती सरकायचे, याचा तक्ताच तिने मांडला. उपग्रहाचे अक्षांश-रेखांश आधी सपाट जाळीवर उतरवायचे, मग भोवतालच्या चार कोपऱ्यांवरून सरकवणी काढायची. फरक साधारण १० सेंटिमीटरांवर आला.

९/ यातून नाते उलटले. पूर्वी डोंगरावरचे खांब जाळी ठरवत आणि गणित त्यांच्यामागून चाले. आता कायमस्वरूपी उपग्रह-स्थानके आणि हा तक्ता मिळून नॅशनल ग्रिडची अधिकृत व्याख्या होते. २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ओएसटीएन१५ आली. खांब डोंगरांवर अजून उभे आहेत; मात्र त्यांचे स्थान कोणते, हे आता सॉफ्टवेअर सांगते.