निशाणी डाव्या हाताचा अंगठा

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरची ओळख साखर कारखान्यामुळे. श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना असे त्याचे लांबलचक नाव. गाळप हंगाम सुरू झाला की इथल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. अशाच एका हंगामाच्या तोंडावर मी परिसरातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी बसलो होतो. काम पाच मिनिटांचे, पण दोन तास लागले. माझ्यापुढे ऊसतोडीला निघालेल्या सात-आठ बायामाणसांचा घोळका होता आणि बोटांचे ठसे घेणारे ते काडेपेटीएवढे यंत्र त्यांना ओळखायला तयार नव्हते.

एका म्हाताऱ्या बाईला केंद्रातला मुलगा सांगत होता, "मावशी, बोट पदराला पुसा. आता जरा डोक्यावरून फिरवा, तेल लागू द्या." तिने फिरवले. यंत्रात लाल दिवा लागला. दुसरे बोट, तिसरे बोट. शेवटी ती हसून म्हणाली, "हाई बोट मन्हंच शे ना रे भाऊ?" घोळका हसला. मुलगा मात्र हसला नाही. त्याने टेबलाच्या खणातून आणखी दोन यंत्रे काढून मला दाखवली. दोन्ही चालू स्थितीतली आणि दोन्ही बाद. पहिले यंत्र नवा नियम आल्यावर गेले, दुसरे त्याच्या पुढचा नियम आल्यावर. तिसऱ्याच्या सॉफ्टवेअरचे दरवर्षी रिचार्ज करावे लागते. संगणक अपडेट झाला की 'आरडी सर्व्हिस नॉट रेडी' असा संदेश येतो आणि अर्धा दिवस जातो. "यंत्र बिघडत नाही काका," तो म्हणाला, "वरून बदलतात."

हे 'वरून' म्हणजे नक्की कुठून, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. उत्तर शोधताना बराच मागे जावे लागले.

आपल्याकडच्या जुन्या महजरांवर आणि कतब्यांवर लिहिता न येणाऱ्या माणसाची सही म्हणून त्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, आणि बलुतेदारांची आपापल्या कामाची हत्यारे. मराठी कागदपत्रे वाचणाऱ्यांना ही चित्रे परिचयाची आहेत. माणूस कोण, याचे उत्तर तो काय करतो यात होते, आणि ती निशाणी खरी की खोटी हे सांगायला पांढरी हजर असे. निशाणी एकट्याची नव्हती, गावाच्या साक्षीने उमटलेली होती. ही व्यवस्था फार न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. कोणाची निशाणी कोणत्या ओळीत यावी हेही जातीनेच ठरलेले होते.

इंग्रजी अमलात कर्जरोखे कोर्टात उभे राहू लागले तेव्हा ही साक्ष कमी पडू लागली. नांगराचे चित्र कोणीही काढू शकतो. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले रोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे रोखे ग्राम-निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती केली. सरकारला तेव्हा हवी होती नाकारता न येणारी निशाणी.

ती बंगालमध्ये सापडलेली होती. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला आणि कराराच्या पाठीवर त्याच्या उजव्या हाताचा पंजा उमटवून घेतला. हेतू शास्त्रीय नव्हता. पुढे कोनाईने सही नाकारू नये, एवढाच होता. हर्शेल त्या ठशांच्या नादी लागला आणि १८७७ मध्ये हुगळीला त्याने निवृत्तिवेतन, दस्त-नोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. म्हणजे ही पद्धत इंग्लंडातल्या प्रयोगशाळेत निघाली नाही. ती खडीचा ठेका घेणाऱ्या एका बंगाली माणसाच्या तळहातावर निघाली.

खरी अडचण ठसे घेण्याची नव्हती, शोधण्याची होती. हजारो पत्रिकांतून एक कशी काढायची? ते कोडे कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी सोडवायला मोठा हातभार लावला. हक गणितात हुशार होते. प्रत्येक बोटावर भोवरा आहे की नाही, एवढे दोनच पर्याय धरले तरी दहा बोटांचे १०२४ प्रकार होतात. तितके कप्पे केले की माणूस कोणत्या कप्प्यात पाहायचा ते लगेच कळते. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला, १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ठसेतज्ज्ञाच्या मताला जागा मिळाली आणि १९०१ मध्ये हेन्रीने लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तसाच विभाग उभा केला. जगाने या पद्धतीला नाव दिले हेन्रीचे. हक आणि बोस यांना पुढे किताब मिळाले. पद्धतीवर नाव नाही मिळाले.

इथून ठसा परदेशी गेला तो आपल्याच माणसांना पकडायला परत आला. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांनी दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा येऊ घातला तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये गांधीजींची सभा झाली. सत्याग्रहाची सुरुवात तिथली मानतात. हा सत्याग्रह बोटांच्या ठशावरून सुरू झाला, हे आपण सहसा विसरतो. इकडे १९११ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने नोंदलेल्या जमातींतल्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. तो कायदा १९५२ पर्यंत टिकला.

आमच्या भागात मात्र अंगठ्याची आठवण वेगळी आहे. 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. जुन्या खरेदीखतांच्या तळाशी ही अक्षरे आणि शेजारी निळसर डाग असतो. शहादा-तळोद्याकडच्या आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या त्या अशाच डागांखाली. १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते उभे राहिले तेव्हा मुख्य प्रश्न याच जमिनींचा होता. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा आला. जुन्या माणसांच्या मनात अंगठा म्हणजे गेलेली जमीन. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द शिकलेल्यांनी विनोद म्हणून वापरला. ज्याचा अंगठा घेतला गेला त्याला त्यात विनोद नव्हता.

ही पार्श्वभूमी असलेल्या तालुक्यातच, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी, नंदन निलेकणी असे सगळे आले होते. पहिली ओळख देशाच्या टोकावरच्या आदिवासी पाड्याला, ही कल्पना वाईट नव्हती. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला कागद मिळणार होता, आणि या गोष्टीचे मोल कागद असलेल्यांना कळत नाही.

पण त्या कागदामागचे यंत्र कोणाचे होते? प्रत्येक नव्या माणसाचे ठसे आधीच्या सगळ्यांच्या ठशांशी ताडून पाहायचे आणि दुबार नाव वगळायचे, हे काम २०१० मध्ये तीन कंत्राटदार गटांना दिले गेले. एक ॲक्सेंचरचा, दुसरा महिंद्रा सत्यम आणि फ्रान्सच्या मॉर्फोचा, तिसरा अमेरिकेतल्या एल-वन आयडेंटिटी सोल्युशन्सचा. पुढच्याच वर्षी मॉर्फोच्या मालक साफ्रान कंपनीने एल-वन विकत घेतली. २०१७ मध्ये तो सगळा व्यवसाय ॲडव्हेंट या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि नाव झाले आयडेमिया. प्राधिकरणाने एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू नये म्हणून तिघांना काम वाटून दिले होते आणि मानके खुली ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरी २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या मतात दाखवून दिले की ताडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत परदेशी कंपनीचा आहे आणि प्राधिकरण फक्त परवानाधारक आहे. कोनाईच्या तळहातावरून निघालेली विद्या आता परवान्यावर भाड्याने आणावी लागत होती.

यंत्रांच्या आतल्या चिपांचीही तीच गोष्ट. मोहालीत १९८० च्या दशकात आपली चिप बनवणारी सरकारी कंपनी सुरू झाली होती, १९८९ मध्ये तिथे आग लागली आणि आपण मागे पडलो ते पडलोच. सेमीकंडक्टरच्या राष्ट्रीय योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. त्या दरम्यानच्या तीन दशकांत आपल्या गावोगावी जी यंत्रे पोचली, त्यांचे काळीज बाहेरचे.

आता त्या मुलाच्या खणातल्या दोन बाद यंत्रांकडे येतो. सुरुवातीची यंत्रे ठशाची प्रतिमा संगणकाकडे तशीच पाठवत. ती मध्येच साठवून पुन्हा वापरता येई. म्हणून २०१७ मध्ये 'नोंदणीकृत' यंत्रेच चालतील असे ठरले, ज्यांची प्रत्येकाची स्वतंत्र ओळख असते. त्यातही पहिल्या पातळीवर ठसा कुलूपबंद करण्याचे काम संगणकातले सॉफ्टवेअर करत होते. पुढच्या पातळीवर, जिला 'एल-वन' म्हणतात, ते यंत्राच्या आतल्या सुरक्षित चिपमध्येच होते. (या एल-वनचा त्या कंपनीशी संबंध नाही, नावे तेवढी सारखी.) मग रबराची नकली बोटे करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याच्या बातम्या आल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बोट जिवंत आहे का हे तपासणारी नवी पद्धत जाहीर झाली. प्रत्येक बदलामागचे कारण खरे आहे. चोरी होत होती, ती अडवायला हवी होती. पण बदलाचा खर्च नेमका कोणी उचलायचा, हे कुठल्याच परिपत्रकाच्या मुख्य ओळीत येत नाही. तो केंद्रचालकाच्या खणात आणि तोडकऱ्याच्या बुडालेल्या रोजात जमा होतो.

ऊस तोडणाऱ्या हाताचे काय होते ते या भागात वेगळे सांगावे लागत नाही. कोयत्याच्या मुठीने घट्टे पडतात, उसाचे पान कापते, पाचट सोलताना बोटांची कातडी खरवडून निघते. यंत्र ठशात रेषा कुठे संपते आणि कुठे फुटून दोन होतात ते बिंदू शोधते. रेषाच झिजल्या तर बिंदू कुठून मिळणार? हे कोणाला माहीत नव्हते असेही नाही. डिसेंबर २००९ च्या बायोमेट्रिक समितीच्या अहवालातच भारतीय परिस्थितीत ठशांच्या दर्जाचा सखोल अभ्यास झालेला नाही, असे म्हटले होते. डोळ्याच्या बुबुळांची नोंद त्यामुळेही सोबत घेतली गेली. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की सरकारी सेवांत पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते. बोलायला आकडा चांगला वाटतो. शंभरातल्या उरलेल्या बारा वेळा बोटे कोणाची असतील, याचा अंदाज पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उभे राहून कोणीही बांधू शकेल.

नांगराची निशाणी माणसाच्या कामावरून त्याला ओळखत होती. हा ठसा त्याच्या कामामुळेच त्याला ओळखेनासा होतो. दोन्हींपैकी जुनी निशाणी बरी, असे म्हणायचा माझा विचार नाही. त्या काळी या म्हाताऱ्या बाईची निशाणी कोणत्याच कागदावर आली नसती.

त्या दिवशी तिचे काम शेवटी झाले. प्राधिकरणाने दहा बोटांतले सर्वांत चांगले बोट शोधण्याची सोय पूर्वीच दिलेली आहे, पण मुलाची स्वतःची पद्धत त्याहून साधी होती. त्याच्याकडे शाळकरी, शंभर पानी वही होती. त्यात गावाप्रमाणे नावे आणि पुढे शेरा: 'उजवा अंगठा, सकाळी', 'डावी तर्जनी, पाण्याने पुसून', 'बोट चालत नाही, ओटीपी'. तीन-चार वर्षांची वही, कोपरे दुमडलेले. मी ती चाळायला मागितली. कुलकर्ण्याचे दप्तर हाताळताना होते तसे काहीसे मला झाले.

बाई निघाल्यावर त्याने तिच्या नावापुढे बॉलपेनने लिहिले, 'उजवी करंगळी'. मग मान वर करून मला म्हणाला, "काका, तुमचा उतारा राहिलाच. सर्व्हर गेलाय, उद्या या."