मागाचा ठेका, सनईचा सूर

बेळगावचे वडगाव ही विणकरांची वस्ती. तिथल्या मागांचा खडखडाट ध्वनिमुद्रित करून, इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेने बदलून त्यावर एकटी सनई वाजवली, तर ती परक्यांची नक्कल ठरेल का? तंत्र बाहेरचे, हे खरे. पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८ मध्ये आगगाडीच्या मुद्रित आवाजांतून रचना केली. १९५२ मध्ये ब्रुनो मादेर्नाने बासरीला टेपची जोड दिली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवला आणि भारतीय संगीतकारही त्यावर काम करू लागले. पण मांडणी आपल्या ओळखीची आहे: एक सनईवाला राग खुलवतो, दुसरा गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत अखंड सूर धरतो. मुद्रित ध्वनी या दुसऱ्याच्या जागी बसतो.

मागाला ठेका असतो, सूर कुठला, असा आक्षेप येईल. मात्र मुद्रणाचा वेग वाढवत सेकंदाला वीसेक ठोक्यांच्या पुढे नेला, की सुटे ठोके मिटून सलग सूर ऐकू येऊ लागतो. सनई मंगलकार्याची, हा दुसरा आक्षेप. पण नगारखान्यातून ती मैफलीत कधीच पोहोचली आहे. धोका वेगळाच आहे: ठोके सुरात मिटले, की मागाची ओळखही पुसली जाऊ शकते. म्हणूनच मागांचे मूळ, न बदललेले ध्वनिमुद्रण जपून ठेवणे ही अशा रचनेची पहिली अट असायला हवी.