माग, यंत्र आणि मानवी प्रतिभा

यंत्रामुळे माणसाचे हात तेवढे मोकळे होतील की मनही रिकामे होईल, ही शंका जुनीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तिला नवी धार आली. कविता, निबंध किंवा चित्र यांची मागणी नोंदवावी आणि घटकाभरात ते पुढ्यात यावे, असा काळ सुरू झाला. साहजिकच लिहिणारे, रंगविणारे, गाणारे अस्वस्थ झाले. परंतु यंत्र आणि नवनिर्मिती यांच्या संबंधाचा एक जुना अध्याय कडोदऱ्याच्या मराठी माणसाने रोज हाताळला आहे. तो अध्याय कापडावर लिहिलेला आहे.

कडोदरा हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता येथे एकमेकांना छेदतात. भोवती कापड विणणारे, रंगविणारे आणि छापणारे कारखाने आहेत. शेजारच्या चलथाणवरून जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावकडे जातो. याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी सुरतेच्या परिसरात आली. कपाशी वेचणारे हात मागावर रुळले, आणि तेही बहुतांशी कृत्रिम धाग्याच्या मागावर. यंत्राने काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब या समाजाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

वेलबुट्टीचे कापड विणण्यासाठी पूर्वी विणकराच्या जोडीला एक मदतनीस लागे. नक्षीप्रमाणे ताण्याचे नेमके धागे दोऱ्यांनी वर ओढणे, हे त्याचे काम. इ. स. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड याने हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपविले. जेथे भोक असेल तेथे धागा उचलला जाई. नसेल तेथे खालीच राही. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदले. त्याच तंत्राने पुढे जकार्डचे रेशमी चित्र विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्या चित्राची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्या संग्रही ठेवली होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याने अशाच पुठ्ठ्यांची योजना केली. आज पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जकार्डने घेतली असली, तरी सुरतेचा माग आणि संगणक हे एकाच कुळातले आहेत.

बॅबेजच्या यंत्रावर १८४३ मध्ये सविस्तर टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. हे यंत्र आपण होऊन काही निर्माण करण्याचा दावा करीत नाही. आपण जे त्याला नेमके सांगू शकू तेवढेच ते करील, असा त्याचा आशय. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी यावर आक्षेप घेतला. यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, असा त्यांचा अनुभव होता. आजची यंत्रे पाहता ट्युरिंग यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. तेव्हा मानवी प्रतिभेची बाजू मांडताना ‘यंत्राला नवे काही जमतच नाही’ एवढ्यावर विसंबून चालणार नाही.

येथे पैठणीचे उदाहरण बोलके आहे. येवल्याचा विणकर पदरावरचा मोर रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या हाताने गुंफून भरतो. म्हणून त्या पदराच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. भारी पदराला महिनेच्या महिने लागतात. सुरत परिसरातील यंत्रमागांवर त्याच मोराची, त्याच आसावलीची नक्कल थोड्या अवधीत निघते. पाठीमागचे सुटे धागे पाहिले की जाणकाराला फरक कळतो. या नकलेमुळे ज्या घरात पैठणी कधीच आली नसती, तेथे तिचा भास तरी पोचला आणि मागावरच्या अनेक खानदेशी घरांची चूलही पेटली. मात्र पिढ्यान्‌पिढ्या तो मोर घडविणाऱ्या विणकरांना त्याचा मोबदला मिळाला नाही. भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्याने ‘पैठणी’ या नावाला संरक्षण लाभले आहे, पण त्या मोराचे मूळ रेखणारे हात अनामिकच राहिले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा वाद याहून फारसा वेगळा नाही. कोट्यवधी लेखकांचे व चित्रकारांचे काम पचवून ती शिकली. त्यांतील बहुतेकांना कोणी विचारले नाही. संगणकाने तयार झालेल्या साहित्यकृतीचा वा कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती, असे भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने नमूद झाले. कृतीमागे माणूस असला पाहिजे, हे कायद्याने जाणले. पण ज्यांच्या कृतींवरून यंत्र शिकले त्यांचे काय, हा प्रश्न त्या व्याख्येने सुटत नाही.

मग मानवी निर्मितीचे मोल कशात शोधावे? आपल्या काव्यशास्त्राने याची चिकित्सा फार पूर्वी केली आहे. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने काव्याला तीन गोष्टी मिळून कारण होतात असे सांगितले: उपजत शक्ती, निपुणता आणि अभ्यास. त्यांपैकी निपुणता ही लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनातून येते. यंत्राचा अभ्यास अफाट आहे. शास्त्र आणि काव्य यांचे त्याचे वाचन कोणाही पंडिताला लाजविणारे आहे. पण मम्मटाने ‘लोक’ पहिला घातला, आणि नेमका तोच यंत्राला जेवढा कोणीतरी नोंदवून ठेवला तेवढाच ठाऊक असतो.

खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्याकडे पाहिले म्हणजे हे उमगते. जळगावजवळच्या असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेत, जाते, चूल, सुगरणीचा खोपा हीच त्यांची पाठशाळा. अकाली वैधव्य आले, त्याचे दुःख त्यांनी सोसले, आणि सोसल्यानंतर शब्द आले. दुःखाची भाषा जुळविणे यंत्राला साधेल. पण त्या शब्दांमागे कोणाचे कपाळ उघडे पडलेले नसते. त्यांची गाणी सोपानदेवांनी व घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. ते कागद नसते, तर ती गाणी आज ना वाचकाला ठाऊक असती, ना यंत्राला.

जात्यावरच्या ओव्यांची कथाही हीच आहे. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. बायांचे कष्ट हलके झाले. ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दळणाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. ते जाणून साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गिरणीने गाणे मारले नाही, पण ते आपोआप टिकेल ही शाश्वती संपविली. जे टिकले ते कोणी तरी गावोगाव जाऊन ऐकले म्हणून टिकले.

मराठी ग्रंथालयाचे आजचे कर्तव्य येथून स्पष्ट होते. मराठी ग्रंथ जतन करणे हे तर त्याचे ब्रीदच आहे. पण कडोदरा परिसरातील खानदेशी घरांत अजून जी अहिराणी गाणी, लग्नविधी, म्हणी आणि मागावरच्या कामगारांचे अनुभव केवळ तोंडी आहेत, ते लिहून घेणे हेही आता त्याचेच काम ठरते. ते नोंदविताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने जपले जावे. पैठणीच्या मोराच्या वाट्याला आलेले अनामिकपण या गाण्यांच्या वाट्याला येऊ नये. यंत्र उद्या आणखी चतुर होईल आणि पुष्कळ कामांत ते माणसाचा गुणी मदतनीसही ठरेल. त्याला अद्याप अज्ञात असलेला ‘लोक’ मात्र या वस्तीतच नांदतो आहे, आणि त्यातील वृद्ध माणसे दरसाल कमी होत आहेत.