आरारूटच्या मोलाचं बायबल

1845 सालचा हिवाळा. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या न्यू लंडन वस्तीत तुम्ही चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आहात. हा मुलूख अजून ब्रिटिशांची वसाहत आहे, त्याचा कॅनडा व्हायला बराच अवकाश आहे. आजूबाजूला बसलेल्या स्कॉटिश शेतकऱ्यांच्या बुटांना बर्फ चिकटलाय. चूल पेटवलेली असली तरी बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघते. पुलपीटवर उभा असलेला माणूस इतका बुटका आहे की पुढच्या बाकावरची टोपी आड आली तर तो तुम्हाला दिसणारही नाही. रेव्हरंड जॉन गेडी. वय तिशीचं. 1838 पासून या प्रेस्बिटेरियन मंडळीचे आणि शेजारच्या कॅव्हेंडिशच्या मंडळीचे पाळक. (लूसी मॉड माँटगोमेरीच्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या कादंबरीमुळे जगभरच्या वाचकांना ठाऊक झालेलं कॅव्हेंडिश ते हेच, ती गोष्ट लिहिली जायला अजून साठ वर्षं आहेत.)

गेडी आज दूरच्या समुद्रांवरच्या बेटांबद्दल बोलताहेत. तिथल्या लोकांपर्यंत सुवार्ता कोणी न्यायची, हा त्यांचा प्रश्न आहे. हे काम लंडनच्या, एडिंबराच्या मोठ्या संस्थांचं, असं मंडळीतले बरेच जण मानतात. त्यांचंही बरोबर आहे. ही मंडळी ज्या नोव्हा स्कोशियाच्या चर्चची, ते गरीब आहे, पाळक कमी, वस्त्या लांब लांब, त्यात बटाट्यावर रोग पडलेला. इथेच पाळक पुरत नाहीत, तर परदेशी कोणाला धाडायचं? उपासना संपल्यावर दाराशी हीच कुजबुज तुमच्या कानावर येते.

हा माणूस मात्र मागे हटणाऱ्यांतला नाही. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. लहानपणी ते जीवावरच्या दुखण्यात सापडले, तेव्हा आईवडिलांनी त्यांना मिशनच्या कामासाठी देवाला वाहिलं होतं. नंतर कुटुंब नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला आलं, तिथे वडील घड्याळं बनवत. आता मुलानेच सिनॉडपुढे, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधी सभेपुढे, विषय लावून धरलाय, गावोगाव वर्गणी गोळा करणारी मंडळं उभी केलीत, आणि सिनॉड हो म्हणाल्यावर जायला पुढेही तेच झालेत. वसाहतीतल्या एखाद्या मंडळीने आपल्या बळावर आपला माणूस परदेशी धाडल्याचं याआधी कोणी ऐकलं नव्हतं. पुढचे काही महिने हे पाळक छपाई शिकतात, गवंडीकाम शिकतात, होडी बांधायला शिकतात, औषधं द्यायला शिकतात. उपदेश करता येणं तिथे पुरायचं नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलंय. मला त्यांच्याबद्दल पहिला आदर वाटतो तो इथे.

नोव्हेंबर 1846 च्या शेवटच्या दिवशी हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर गेडी, त्यांची पत्नी शार्लट आणि मुलं जहाजावर चढतात. तुम्हीही मागोमाग चढा. आधी बॉस्टन, मग न्यूबरीपोर्टहून मोठा प्रवास, केप हॉर्नला वळसा, होनोलुलू, सामोआ. शार्लट अँटिगोनिशच्या डॉक्टरची मुलगी. या प्रवासात कोणाला किती समुद्र लागला आणि किती रडू आलं, हे तिला विचाराल तर ती थोडक्यात उत्तर देईल. आपणही पुढे जाऊ.

जुलै 1848. 'जॉन विल्यम्स' जहाजाच्या कठड्याला रेलून तुम्ही समोर पाहता. गर्द हिरवे डोंगर, खाली नारळ, बंदराच्या तोंडाशी एक सपाट वाळूचं बेटुकलं. हे अनेइट्युम, आज ज्याला वानुआतू म्हणतात त्या देशातलं दक्षिणेकडचं शेवटचं वस्तीचं बेट. त्या बेटुकल्यावर, इन्येउगवर, भुताखेतांचा वास आहे अशी इथल्या लोकांची समजूत आहे, म्हणून त्यांनी ते खुशाल एका इंग्रज व्यापाऱ्याला देऊन टाकलंय. जेम्स पॅडनचं ठाणं आहे तिथे. वारा तिकडून आला की नाकाला चंदन लागतं. आसपासच्या बेटांवरून तोडून आणलेलं चंदन इथे साठतं आणि चीनला जातं, बदल्यात तंबाखू आणि लोखंडाची अवजारं येतात. तुम्ही आज क्रूझमधून गेलात तर याच वाळूवर पर्यटकांना पोहायला उतरवतात.

किनाऱ्यावर गेडींना उतरवून घ्यायला कोण आलंय ते नीट बघा. सामोआ आणि रारोटोंगाचे ख्रिस्ती शिक्षक. ते 1841 पासून इथे येताहेत. तापाने मरताहेत, तरी टिकून आहेत. एखाद्या बेटावर सुवार्ता गोऱ्या माणसाच्या होडीतून उतरली असं पुढे पुस्तकांत लिहिलं जाईल. तुम्ही मात्र डोळ्यांनी पाहिलंय की वाळूवर आधीच पावलं होती.

पहिले दिवस अवघड आहेत. गेडींना घराला चुना हवा, म्हणून ते किनाऱ्यावरची पोवळ्याची ढेकळं गोळा करून भाजतात. गावात कुरबुर सुरू होते. घराभोवती कुंपण घालतात आणि कुरबुरीची धुसफूस होते. ज्या वाटेवर कुंपण आलं ती नात्मासांची, म्हणजे इथल्या दैवतांची, समुद्रातून डोंगरावर जायची वाट. ती अडली तर वर खायला पिकायचं नाही. गेडी ऐकून घेतात आणि वाट मोकळी ठेवतात. त्यांना ही दैवतं खोटी वाटतात, ते तसं बोलतातही, पण शेजाऱ्याची वाट अडवणं त्यांना पटत नाही. मंडळीत आठ वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला पाळक तुम्हाला इथे दिसतो.

एका संध्याकाळी आतल्या गावात आक्रोश उठतो. तुम्ही गेडींबरोबर पळत सुटता. इथल्या लग्न झालेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात एक जाड दोरी असते. ती तुम्ही सकाळपासून पाहत होता आणि दागिना समजत होता. नवरा मेला की त्याच दोरीने तिचा गळा आवळतात, आणि हे काम बहुतेक वेळा तिच्या जवळच्या नातलगाकडे असतं, मुलगा मोठा असेल तर मुलाकडे. तुम्ही पोहोचता तेव्हा कधी उशीर झालेला असतो, कधी झालेला नसतो. गेडी मधे घुसतात, ढकलले जातात, पुन्हा घुसतात. काही वर्षांनी त्यांच्याबरोबर मधे घुसणारी इथलीच तरुण मुलं असतील, आणि प्रथा मोडेल ती त्यांच्या हातून. परक्याने दुसऱ्याच्या रीतिरिवाजात पडू नये असं आपण आज सहज म्हणतो. त्या दोरीसमोर उभं राहून मला ते म्हणवत नाही.

याच गेडींनी कावा नावाचं गुंगीचं पेय पिणं बंद पाडलं, मोठे सण-मेजवान्या मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ गाणी-नाच गेले. तेही मला विसरता येत नाही. दोरी सोडवायला गाणी का जावी लागली, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता.

शार्लटची शाळा बघायला चला. पेंढ्याच्या छपराखाली मुली आणि बायका बसल्यात. सुई धरणं आणि अक्षर ओळखणं एकाच वेळी चाललंय. शेजारच्या खोपटात गेडी हाताने दाबायच्या छापखान्यावर पहिली वाचनपुस्तिका काढताहेत. पाळकाच्या बोटांना शाई, आणि कागद ओला होऊ नये म्हणून छताकडे लागलेले डोळे. ज्या भाषेला लिपीच नव्हती, तिची पानं दोरीवर वाळत पडलीत. बेटावरचा वाइहित नावाचा मुखिया, ज्याला सारे टरकून असत, तोही येऊन बसू लागलाय. हाच वाइहित पुढे शिक्षक म्हणून फुटुना बेटावर जाईल.

1851 चा नोव्हेंबर. रात्री धुराच्या वासाने तुम्हाला जाग येते. घराचं छप्पर पेटवलंय. गेडी, शार्लट, मुलं बाहेर पडतात, आग विझते. दुसऱ्या रात्रीपासून घराभोवती बेटावरचेच लोक पहाऱ्याला बसतात. कोणी सांगितलेलं नसतं.

1852 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन इंग्लिस सोबतीला येतात आणि बेटाच्या उत्तर अंगाला, अनामेला राहतात. काम वाढतं, बहुतेक सारं बेट ख्रिस्ती होतं. तुम्ही मात्र त्या आकड्यांच्या मागे लागू नका. शेताच्या बांधावर बसा. मला तुम्हाला जे दाखवायचं होतं ते इथे आहे.

बायका कंद खणताहेत. आपल्याकडे आजाऱ्याच्या पेजेत घालतात त्या आरारूटसारखं सत्त्व या कंदांतून निघतं. माती झटकून कंद धुतात, साल खरवडतात, मग खरबरीत पृष्ठावर किसत राहतात. बोटांची टोकं सोलवटतात. कीस पाण्यात कालवून गाळायचा. गढूळ पाणी स्थिर होऊ द्यायचं, पांढरं सत्त्व तळाशी बसलं की वरचं कडवट पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा निवळणं. कडवटपणा गेला की उन्हात पसरायचं. आभाळ भरून आलं की सगळ्या जणी धावतात. कोकणात तवकीर करताना पाहिलं असेल तर हा सारा खटाटोप तुम्हाला ओळखीचा वाटेल. वाळलेलं पीठ मापून भरतात आणि जहाजाने ऑस्ट्रेलियाला, स्कॉटलंडला विकायला धाडतात. स्वतःसाठी त्यातलं काही ठेवत नाहीत.

हे कशासाठी? त्यांना आपल्या भाषेतलं बायबल हवंय, आणि ते फुकट नकोय. छपाईचा खर्च आपण भरायचा, असं ठरलंय. 1863 मध्ये लंडनला नवा करार छापून झाला. जुन्या करारासह सगळ्या बायबलचा हिशेब मिटेपर्यंत या बेटाने आरारूट विकून सुमारे 1,200 पौंड उभे केले. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी नाणं असं काही नव्हतं, त्यांनी. न्यू लंडनच्या चर्चच्या दारात जी कुजबुज तुम्ही ऐकली होती, गरिबाने कशाला हा उद्योग करायचा, तिला याहून चांगलं उत्तर गेडींनाही देता आलं नव्हतं.

आता थोडं मागे, 1861 ला, यावंच लागतं. चंदनाच्या जहाजातून गोवर उतरला आहे. या लोकांच्या अंगाने हा आजार कधी पाहिलेला नाही. घरात पाणी द्यायला उठेल असं कोणी उरत नाही. ताप उतरवायला लोक ओढ्यात जाऊन पडतात. गेडी आणि शार्लट घरोघर पेज आणि औषध घेऊन फिरतात, तुम्हीही एक भांडं उचला. काही महिन्यांत बेटाची जवळपास एक तृतीयांश माणसं गेली. त्यातच चक्रीवादळांनी शेती झोपवली. आणि मे महिन्यात एरोमांगा बेटावरून बातमी येते: जॉर्ज गॉर्डन आणि त्यांची पत्नी एलन यांना मारून टाकलं. तिथल्या लोकांनी गोवराचं खापर मिशनरींवर फोडलं होतं. गॉर्डन गेडींच्याच प्रिन्स एडवर्ड बेटावरचे.

एरोमांगाच्या माणसांचा तर्क चुकीचा होता, पण पूर्ण वेडगळ नव्हता. आजार गोऱ्यांच्या जहाजांतूनच आला होता. देवाचं पुस्तक आणि गोवर, दोन्ही एकाच समुद्रातून, एकाच शिडांखाली. गेडी चंदनवाल्यांशी आयुष्यभर भांडले आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसले. त्यांनी ते ओझं आणलं नव्हतं, तरी ज्या वाटेने गेडी आले त्याच वाटेने ते ओझंही आलं. त्यांच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. पण ही गोष्ट बाजूला ठेवून कोणी ते काम सांगू लागलं तर मला ते अर्धवट वाटतं.

पुढची वर्षं वेगाने जातात. 1863 मध्ये नोव्हा स्कोशियात रविवारच्या शाळेतल्या पोरांच्या पैशांतून 'डेस्प्रिंग' नावाचं जहाज बांधलं जातं. गेडी 1864 ला सुटीवर मायदेशी जाऊन येतात, तिथे क्वीन्स विद्यापीठ त्यांना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी पदवी देतं. परत आल्यावर ते जुन्या कराराच्या भाषांतराला भिडतात. 1872 मध्ये त्यांना पक्षाघात होतो. त्यांना ऑस्ट्रेलियात जीलाँगला नेतात, आणि 14 डिसेंबरला तिथेच त्यांचं निधन होतं.

शेवटचा मुक्काम गेडींच्या गावातल्या, अनेल्गौहातच्या दगडी चर्चमध्ये करा. हजारेक माणसं बसतील एवढं ते बांधलं होतं. पुलपीटमागे एक स्मृतिफलक लागलाय, अनेइट्युमच्या भाषेत. गेडी 1848 मध्ये उतरले तेव्हा इथे एकही ख्रिस्ती नव्हता, 1872 मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ती नाही असा एकही उरला नव्हता, असा त्याचा अर्थ. मिशनच्या इतिहासात हे वाक्य पुन्हा पुन्हा छापलं गेलं. तुम्ही समोर उभे आहात आणि तुम्हाला ठाऊक आहे की त्याचा पहिलाच भाग जरा घाईने लिहिलाय: सामोआचे आणि रारोटोंगाचे शिक्षक तेव्हा वाळूवर उभे होते. शार्लटचं नाव फलकावर नाही. वाइहितचं नाही. कीस काढून बोटं सोलवटलेल्या बायकांचं नाही.

जुना करार छापून पुरा झाला 1879 मध्ये, गेडी गेल्यावर सात वर्षांनी. पैसे बेटाने भरले होते, पुस्तकं बेटावर आली. ती वाचायला मात्र गेडी उतरले त्या वर्षीच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी माणसं उरली होती, आणि पुढची साठ वर्षं ती कमीच होत गेली.