एक शब्द, दोन अर्थ: उर्दू-मराठी घरांत रोज गोंधळ घालणारे शब्द

सीबीडी बेलापूरला आमच्या वर्गात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. मधल्या सुट्टीच्या आधी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, माझा डबा खाली आहे." आम्ही फळ्यावर लिहीत होतो. मागे न वळताच म्हणालो, "मग उचलून वर ठेव ना!" सगळा वर्ग हसला. मुलगा गप्प बसला. सुट्टीत बघितलं तर त्याच्या डब्यात काहीच नव्हतं. सकाळच्या घाईत घरून रिकामाच डबा आला होता. तो उर्दूतला 'ख़ाली' बोलत होता आणि आम्ही मराठीतलं 'खाली' ऐकत होतो.

उर्दू आमच्या घरची भाषा, तरी ही चूक आमच्याकडून झाली. मग ज्या शिक्षकांना उर्दू येत नाही, त्यांच्या वर्गात आपल्या मुलांचं काय होत असेल? महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे घरी उर्दू किंवा दखनी बोलणारं प्रत्येक मूल रोज या दोन भाषांमध्ये ये-जा करतं. त्या वाटेवर अडखळायला लावणारे काही नेहमीचे शब्द आम्ही इथे एकत्र केले आहेत.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे मुख्य प्रकार तीन. काही शब्दांचं रूप एक, पण मूळ वेगवेगळं. काहींचं मूळ एक, पण अर्थ वेगवेगळ्या वाटेने गेले. आणि काही शब्द उर्दू लिपीत वेगळे असूनही देवनागरीत आले की एक होतात.

रूप एक, मूळ वेगळे

खाली: मराठीत 'खाली' म्हणजे वरच्या उलट. खाल, खालचा, खालून ही त्याची भावंडं. उर्दूतला 'ख़ाली' अरबीतून आला, अर्थ रिकामा. तो मराठीतही शिरलाच आहे, म्हणून आपण 'घर खाली करा' म्हणतो आणि मुंबईत 'खाली-पीली' भांडतो. गंमत म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांत 'वर-खाली'मधला शब्द 'खालीं' असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि दोन्ही शब्द कागदावर हुबेहूब सारखे झाले.

साल: 'ते साल' म्हणजे वर्ष, आणि 'ती साल' म्हणजे केळ्याचं किंवा झाडाचं बाहेरचं आवरण. पहिला शब्द फारसी. सालाबाद, सालगडी हे त्याच घरातले. दुसरा आपला देशी. इथे लिंग बघितलं की काम होतं: साल चांगलं गेलं, पण साल काढली.

खत: उर्दूत 'ख़त' म्हणजे चिठ्ठी, तसंच अक्षर, लिखाण. हा अरबी शब्द. मराठीत शेतात घालतात ते खत, म्हणजे शेणखत, गांडूळखत. त्याचा चिठ्ठीशी काही संबंध नाही. पण अरबी ख़तसुद्धा मराठीत आहे, फक्त दुसऱ्या शब्दाच्या शेवटी: खरेदीखत, गहाणखत. गावाकडच्या जमिनीच्या कागदावर 'खत' दिसलं तर ती साधी चिठ्ठी नव्हे, तो कायदेशीर दस्तऐवज आहे. वाचून, समजून घेतल्याशिवाय त्यावर अंगठा किंवा सही करू नये.

पाव: 'पाव किलो'मधला पाव संस्कृत 'पाद' म्हणजे चौथा भाग यावरून आला. वडापावमधला पाव पोर्तुगीजांकडून आला. बेलापूरच्या किल्ल्याचा ताबा कधी सिद्दींकडे, कधी पोर्तुगीजांकडे, पुढे मराठ्यांकडे आणि मग इंग्रजांकडे गेला. किल्ल्याचे आता अवशेष उरलेत, पण पोर्तुगीजांचा पाव आपल्या प्रत्येक नाक्यावर आहे.

मूळ एक, अर्थ वेगळे

तालीम आणि वस्ताद: अरबी 'तालीम' म्हणजे शिकवणं, शिक्षण. इल्म, आलिम, मुअल्लिम हे सगळे एकाच मुळाचे. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. कोल्हापूरची गंगावेश तालीम सगळ्यांना ठाऊक आहे. फारसी 'उस्ताद'ही मराठीत 'वस्ताद' होऊन त्याच लाल मातीत उतरले. म्हणून "हमारा बच्चा तालीम में कमज़ोर है" असं ऐकून एखादा कोल्हापूरकर मुलाला बदाम-दूध सुचवील, तर त्याची चूक नाही. कुस्तीचा आखाडा असो की वर्ग, शिकवणं तर दोन्हीकडे आहेच.

दप्तर: उर्दूत अब्बा रोज 'दफ़्तर'ला जातात, मराठीत मूल रोज पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातं. शब्द एकच. त्याचं मूळ ग्रीक भाषेत सांगतात, तिथे त्याचा अर्थ कातडं, कारण पूर्वी कातड्यावर लिहीत. कातड्यावरून लिहिलेले कागद, कागदांवरून ते ठेवायची जागा. पुण्याच्या 'पेशवे दप्तरा'त जुन्या कागदांचा हाच अर्थ टिकून आहे. उर्दूने पुढे कचेरी घेतली, मराठीने पिशवी.

सही: अरबी 'सहीह' म्हणजे बरोबर, खरं. 'सहीह बुखारी' हे नाव आपल्या घरांत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मराठीत कागद खरा आहे याची खूण म्हणजे सही. आमच्या एका बुजुर्ग नातेवाइकांना एका खिडकीवर सांगितलं, "चाचा, इथे सही करा." चाचांनी चष्मा लावला आणि अर्जात काय चुकलंय ते शोधायला लागले! त्यात आणखी भर हिंदीची: हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, आणि मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण.

राजीनामा: 'राज़ी' आणि 'नामा' मिळून संमतीचा कागद. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजूंचा समझोता. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली, उर्दूत त्याला इस्तीफ़ा म्हणतात. भांडण मिटवून आलेल्या माणसाने मराठीत "राजीनामा लिहून दिला" असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच काही येईल.

सदर: अरबीत 'सद्र' म्हणजे छाती, पुढचा किंवा वरचा भाग. त्यावरून उर्दूत सद्र म्हणजे अध्यक्ष. मराठीत सदर म्हणजे वाड्यातली किंवा गडावरची कामकाजाची बैठक, वर्तमानपत्रातला ठरलेला मजकूर, आणि सरकारी भाषेत 'वर सांगितलेला'. कोकण भवनातून आलेल्या पत्रात 'सदर अर्ज' असं वाचलं, तर तो अध्यक्षांचा अर्ज नव्हे, आपलाच आहे.

देवनागरीत एक झालेले

उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय आणि जीम अशी वेगवेगळी अक्षरं आहेत. मराठीत या सगळ्यांसाठी एकच ज, आणि मराठी लेखनात नुक्ता वापरत नाहीत. 'अलिफ' आणि 'ऐन' या दोन्हींसाठीही एकच अ.

नजर: बघण्याची नज़र ज़ोयने लिहितात. 'नज़र-नियाज़'मधली नज़्र, म्हणजे अर्पण, ज़ालने. मराठीतला 'नजराणा' या दुसऱ्या शब्दावरून आला, डोळ्यांशी त्याचा संबंध नाही.

जलील: जीमने लिहिलं तर महान, थोर. ज़ालने लिहिलं तर अपमानित, हलका. मराठीत दोन्ही 'जलील'.

अलीम: ऐनने लिहिलं तर सर्व जाणणारा. अलिफने लिहिलं तर वेदना देणारा. अब्दुल अलीम या नावात पहिला अर्थ आहे, 'अज़ाब-ए-अलीम'मध्ये दुसरा.

नावांच्या बाबतीत ही गोष्ट जपायला हवी. मूल शाळेत फक्त देवनागरी आणि इंग्रजीत नाव लिहितं. आपल्या नावाचं खरं अक्षर कोणतं, अर्थ काय, हे घरी कुणी सांगितलं नाही, तर कुणीतरी चिडवल्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. उर्दू लिपी शिकवायला जमलं नाही, तरी निदान नाव उर्दूत लिहायला शिकवा.

घरी काय करता येईल

हे शब्द मराठीत कालपरवा आलेले नाहीत. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. राज्यकारभारातल्या सुमारे १,३८० शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. तरी सही, सदर, दप्तर लोकांच्या तोंडी राहिलेच. पुढे कवी माधव जूलियन, म्हणजेच मा. त्रिं. पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' केला. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत बघता येतो. त्यात अरबी, फारसी, संस्कृत शब्दांपुढे खुणा आहेत.

मुलांना एक वही द्या. एका बाजूला उर्दू अर्थ, दुसऱ्या बाजूला मराठी. शब्द अडला की तीन गोष्टी विचारायच्या: याचं लिंग काय? याचे नातेवाईक शब्द कोणते? उर्दूत हा कोणत्या अक्षराने लिहितात? दादी-नानींना या खेळात जरूर घ्या, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक त्यांच्याकडेच असतं.

आणि शिक्षक मित्रांनो, एखाद्या मुलाचं वाक्य विचित्र वाटलं तर लगेच लाल रेघ मारू नका. आधी विचारा, "तुला काय म्हणायचंय?" आम्ही त्या दिवशी एवढं विचारलं असतं, तर आमच्या डब्यातली अर्धी चपाती त्या मुलाला आधीच मिळाली असती आणि वर्गाच्या हसण्यातून तो सुटला असता.