हायब्रीड : एका टोमण्याचा इतिहास

आजचा विषय रोजच्या बोलण्यातला आहे. विज्ञानाची एखादी बातमी आली की बीडच्या बसस्थानकापासून अंबाजोगाईच्या चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाचं त्यावर काहीतरी मत असतं. पवनचक्क्यांनी ढग पळतात, टॉवरमुळे चिमण्या गेल्या, लस घेतली की अंगात कसर राहते. शिकलेली माणसं अशा वेळी एकतर हसतात, नाहीतर 'लोकांचं शहाणपण' म्हणून हात जोडतात. आम्हांला हे दोन्ही आळसाचे प्रकार वाटतात. म्हणून आज आपण एकच जुनं मत घेऊ आणि त्याचा इतिहास तपासू. ते मत आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे: 'हायब्रीड खाऊन माणसं हायब्रीड झाली.'

आधी थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे. आपल्याकडे ज्ञानाच्या साधनांची, म्हणजे प्रमाणांची, चर्चा फार जुनी. त्यात 'ऐतिह्य' नावाचा एक प्रकार येतो. पहिल्यांदा कोण बोललं हे कुणालाच माहीत नाही, पण सगळे म्हणतात, अशी गोष्ट म्हणजे ऐतिह्य. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'या वडावर यक्ष राहतो.' पौराणिकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांनी मानलं नाही. ते म्हणाले, हा शब्दप्रमाणाचाच भाग आहे, आणि शब्द प्रमाण तेव्हाच, जेव्हा बोलणारा 'आप्त' असतो. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ती गोष्ट स्वतः जाणलेला आणि खरं सांगणारा माणूस. न्यायभाष्यकार वात्स्यायन इथे एक मोठी गोष्ट सांगून जातो. आप्तपणाची ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे जात आणि पदवी बघायची नाही, त्यानं काय पाहिलं ते बघायचं.

आता ज्वारीकडे येऊ. १९५४ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या शास्त्रज्ञांनी ज्वारीतल्या नरवंध्यत्वाचा उपयोग दाखवून दिला. ज्वारीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संकर करणं अवघड होतं. ज्याचे पराग निकामी आहेत असा मातृवाण मिळाला आणि ती अडचण संपली. भारतात १९६४ मध्ये 'सी.एस.एच. १' हा पहिला संकरित वाण आला. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा अक्षरशः ध्यास घेतला होता. मराठवाड्याच्या खरिपात ती भराभर पसरली. गावात तिला कुणी संकरित म्हटलं नाही, ती 'हायब्रेट'.

आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. डोक्यावरून जाणाऱ्या गावरान ज्वारीच्या शेजारी ही बुटकी, गच्च कणसाची ज्वारी उभी राहिली. उतारा कितीतरी जास्त. आणि दोन-चार हंगामांतच टीका सुरू झाली. ती नीट वेगळी करून बघा.

पहिली तक्रार: दाणा काळा पडतो, भाकरी बेचव होते. यामागे पक्कं कारण होतं. खरिपाची गावरान ज्वारी दिवसाची लांबी ओळखते. दिवस लहान व्हायला लागले की निसवते, आणि पाऊस सरल्यावर तिचा दाणा पक्व होतो. संकरित वाण ही वाट बघत नव्हता. तो शंभर-एकशे दहा दिवसांत तयार व्हायचा, म्हणजे नेमका परतीच्या पावसात सापडायचा. ओल्या कणसावर बुरशी धरायची.

दुसरी तक्रार: कडबा नाही. बुटक्या धाटाला कडबा कमीच. शास्त्रज्ञ दाणे मोजत होते, शेतकरी दाणे आणि बैल दोन्ही मोजत होता. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला ज्वारी हे दुहेरी पीक असतं.

तिसरी तक्रार: बी घरचं राहिलं नाही. पूर्वी खळ्यावर चांगली कणसं निवडून बियाण्याला बाजूला ठेवायची. संकरिताचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, कारण एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत पुन्हा विभागले जातात. म्हणजे दरवर्षी पिशवी विकत घेणं आलं.

या तिन्ही गोष्टी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. इथपर्यंत शेतकरी आप्त आहे, पूर्ण अर्थानं. पण मत इथे थांबलं नाही. 'याचं बी पुढे चालत नाही' इथून 'हे खाणाऱ्याची पिढी पुढे चालणार नाही' इथे ते उडी मारून गेलं. 'बुटकी ज्वारी' वरून 'खुजी माणसं' झाली. पिकाचा गुण खाणाऱ्याच्या अंगात उतरतो, हे गृहीतक कुणी तपासलंच नाही. न्यायाच्या भाषेत हेतू एका ठिकाणी आणि साध्य भलत्याच ठिकाणी. ज्वारीतलं नरवंध्यत्व हा मातृवाणाच्या परागाचा दोष आहे. संकरित पिकात पराग पुन्हा चांगला होतो, म्हणून तर दाणा भरतो. भाकरीतून ते माणसात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

'हायब्रीडनं पोट बिघडतं' या बोलण्याचं मात्र काय करायचं? त्यालाही हसावं का? १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला. अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला होता, आणि त्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष सापडलं. म्हणजे दोष संकराचा नव्हता, बुरशीचा होता. लोकांचं बोट चुकीच्या नावावर होतं, पण ते अगदी हवेत नव्हतं.

आता या इतिहासातली आम्हांला सर्वांत टोचणारी बाजू. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल 'मिलो' आला, खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली. लोकांच्या आठवणीत मिलो आणि हायब्रीड एकात एक मिसळून गेले, दोन्ही 'गरिबाचं खाणं' झाले. ज्याच्याकडे काळी जमीन होती तो हायब्रीड बाजारात विकायचा आणि घरी शाळू, मालदांडी खायचा. ज्याला मजुरी धान्यात मिळायची, त्याच्या पदरात हायब्रीड पडायचं. मग 'हायब्रीड माणूस' हा टोमणा कुणावर जाऊन बसला? ते पिकवून विकणाऱ्यावर बसला नाही, खाणाऱ्यावर बसला. ज्या भाकरीनं पोरं जगली तीच शिवी झाली. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत अशी भाकरी खाऊन वाढलेली कितीतरी माणसं आहेत. कोयता चालवणाऱ्या त्या हातांना 'ताकद नाही' म्हणणाऱ्यानं एकदा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढून दाखवावं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोक अडाणी आहेत म्हणून त्यांची सगळीच टीका झटकणाऱ्यांनी वेळ घालवला. पुढे सी.एस.एच. ५, सी.एस.एच. ९ असे वाण आले, त्यांत उंची, कडबा आणि दाण्याची प्रत यांकडे लक्ष दिलेलं दिसतं. म्हणजे पहिल्या दोन तक्रारी शास्त्राला शेवटी मान्य कराव्या लागल्या. तोपर्यंत शेतकऱ्याचं मन उठत चाललं होतं. आज आपल्याकडे खरिपात सोयाबीन आणि कापूस आहे. ज्वारी उरली ती मुख्यतः रब्बीची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, डॉक्टर भाकरी खा म्हणू लागले, आणि ज्वारीनं भावात गव्हाला मागे टाकलं. आता तोच मजूर गव्हाची चपाती खातो आणि भाकरी शहरातल्या ताटात गेली. त्या ज्वारीचा वाण कोणता, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही.

तर मित्रहो, उद्या मोबाइलवर एखादी बातमी येईल आणि तिच्याखाली कुणाचं मत येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. यात पाहिलेलं किती आहे? पाहिलेल्यावरून काढलेलं किती आहे? आणि हे बोलणं शेवटी कुणाच्या अंगावर पडतं? पहिल्याचा मान ठेवा, दुसऱ्याची तपासणी करा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जर 'जो बोलू शकत नाही त्याच्या अंगावर' असं आलं, तर ते मत दुसऱ्याला पाठवायच्या आधी थांबा. वडावर यक्ष आहे की नाही, ते नंतर बघू. त्या वडाखाली कोण झोपतं, ते आधी बघायला हवं.

इथे थांबतो. पुढच्या व्याख्यानात भेटू.